चेंडू कुणाच्या हाती? ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी तरुण, बास्केटबॉल आणि आरोग्याचा इतिहास

१/
क्रिकेटच्या इतिहासात रमणाऱ्या वाचकांना आरंभीच एक प्रश्न. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेला पहिला क्रीडासंघ कोणता? उत्तर अनेकांना चकित करील. १८६८ साली गेलेल्या त्या संघातील तेरा खेळाडू पश्चिम व्हिक्टोरियातील ॲबोरिजिनल होते. त्यांनी एकूण ४७ सामने खेळले. १४ जिंकले, १४ हरले आणि १९ अनिर्णित राहिले. आपल्या मुंबईचा पारशी संघ इंग्लंडला गेला तो १८८६ साली, म्हणजे त्यानंतर तब्बल अठरा वर्षांनी.

या थ्रेडचा विषय मात्र क्रिकेट नाही; विषय आहे मूलनिवासी तरुणांसाठी चालणारे बास्केटबॉल आणि आरोग्याचे उपक्रम. परंतु त्यांची कहाणी कळायची असेल तर आरंभ याच दौऱ्यापासून करावा लागतो.

२/
या संघाचा कर्णधार आणि प्रशिक्षक होता चार्ल्स लॉरेन्स हा इंग्रज. दौरा कुठे जाईल, किती सामने होतील, गोळा झालेला पैसा कुठे जाईल, हे खेळाडूंनी ठरवले नाही. त्यांच्यापैकी ‘किंग कोल’ या नावाने ओळखला जाणारा खेळाडू लंडनमध्येच फुप्फुसाच्या विकाराने मरण पावला आणि तेथेच त्याचे दफन झाले.

दौऱ्याच्या पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, व्हिक्टोरिया वसाहतीने ‘संरक्षणा’चा कायदा केला. ॲबोरिजिनल माणसाने कुठे राहावे, कुणाकडे काम करावे, त्याच्या मजुरीचे काय व्हावे, त्याच्या मुलांचा सांभाळ कुणी करावा, हे सर्व ठरविण्याचा अधिकार एका मंडळाकडे गेला. ज्यांनी लॉर्ड्सच्या मैदानावर खेळ केला, त्यांना आता आपल्याच भूमीत फिरण्यासाठी परवानगी हवी होती.

खेळ यांचा आणि सूत्रे दुसऱ्याची: पुढच्या शतकभराच्या इतिहासाचे बीज येथे आहे.

३/
पुढे जाण्यापूर्वी शब्दांविषयी थोडे. ऑस्ट्रेलियाचे मूलनिवासी म्हणजे एकच एक जमात नव्हे. युरोपीय लोक आले तेव्हा तेथे अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. मुख्य भूमीवरील आणि टास्मानियातील लोकांना ‘ॲबोरिजिनल’ म्हणतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासी स्वतःला त्यांच्याहून वेगळे मानतात. दोहोंसाठी मिळून येथे ‘मूलनिवासी’ हा शब्द वापरला आहे. मराठीत ‘आदिवासी’ म्हटले की डोळ्यांसमोर सह्याद्री-सातपुड्यातील पाडे उभे राहतात. म्हणून तो शब्द जाणीवपूर्वक टाळला आहे.

४/
विसाव्या शतकात हे ‘संरक्षण’ अधिकच आवळत गेले. न्यू साउथ वेल्समध्ये १९०९ साली असाच कायदा झाला. राखीव वस्त्या, मिशन, शिधावाटप केंद्रे यांचे जाळे पसरले. आणि सर्वांत खोल जखम म्हणजे मुले हिरावून नेणे. सरकारी धोरणानुसार अधिकारी येत आणि मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवत. ही प्रथा १९७०च्या दशकापर्यंत चालली. या मुलांना पुढे ‘चोरलेल्या पिढ्या’ असे नाव मिळाले. त्यांची कहाणी १९९७च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने देशासमोर मांडली.

या इतिहासाचा आरोग्याशी थेट संबंध आहे. ज्या समाजाने सरकारी गाडी दारात उभी राहिली की मुले लपवायची असा धडा गिरवला, तो समाज सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या सहज कशा चढेल? मुलाला तपासणीसाठी नेणे आणि मूल गमावणे यांतले अंतर आईच्या मनात फार थोडे उरले होते. कित्येक गावांतील इस्पितळांत ॲबोरिजिनल रुग्णांना वेगळे ठेवले जाई, ही गोष्ट आणखी निराळी.

५/
आता बास्केटबॉलकडे वळू. हा खेळ जन्मला तोच मुळी आरोग्याच्या उपक्रमातून. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाला हिवाळ्यात छपराखाली तरुणांना गुंतवून ठेवणारा खेळ हवा होता. त्याने भिंतीवर फळांच्या टोपल्या टांगल्या आणि खेळ सुरू झाला.

दूरवरच्या वस्त्यांना तो मानवला यात नवल नाही. हिरवळ राखावी लागत नाही. सपाट, कठीण जमिनीचा एक तुकडा, दोन खांब, दोन कड्या आणि एक चेंडू एवढे पुरते. पाच-पाच जण जमले तर सामना, दोघे जमले तरी खेळ. वर पत्रे टाकले तर उत्तरेकडील पावसाळ्यातही खंड नाही. एक दिवा लावला की वाळवंटातील उन्हे उतरल्यावर रात्रीही खेळता येते.

६/
१९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बास्केटबॉल संघात मायकेल ॲ मॅट हा डार्विनचा खेळाडू होता. तो आणि एड्रियन ब्लेअर व फ्रान्सिस रॉबर्ट्स हे दोन मुष्टियोद्धे, हे तिघे ऑस्ट्रेलियाचे पहिले ॲबोरिजिनल ऑलिंपिकपटू मानले जातात.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर करायला हवा. ‘१९६७च्या सार्वमताने ॲबोरिजिनलांना मताधिकार मिळाला’ असे अनेकदा लिहिले जाते. ते खरे नाही; केंद्रीय निवडणुकीत मत देण्याचा अधिकार सर्वांना १९६२ साली मिळाला होता. १९६७च्या सार्वमताने, ज्यात ९०.७७ टक्के मते बाजूने पडली, राज्यघटनेतील दोन तरतुदी बदलल्या: मूलनिवासींची गणना लोकसंख्येत होऊ लागली आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. म्हणजे टोकियोत देशाचा गणवेश घातलेला खेळाडू देशाच्या अधिकृत शिरगणतीत मात्र अजून धरला जात नव्हता.

७/
१९७१ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. सिडनीतील रेडफर्न ही तेव्हा ॲबोरिजिनल कामगारांची दाट वस्ती. तेथे जुलै १९७१ मध्ये एका दुकानाच्या गाळ्यात ‘ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस’ सुरू झाली. गॉर्डन ब्रिस्को, शर्ली स्मिथ (सगळ्यांची ‘मम शर्ल’), नेत्रवैद्य फ्रेड हॉलोज अशी माणसे तिच्या उभारणीत होती. डॉक्टर फावल्या वेळात विनामोबदला येत.

विनामूल्य उपचारांपेक्षाही तिचे वेगळेपण तिच्या मालकीत होते. दवाखान्याचे संचालन ॲबोरिजिनल समाजाने निवडलेल्या मंडळाकडे होते. रुग्णाला दारातून आत आणणारा माणूस त्याच्याच गल्लीतला असे. ही देशातील पहिली समाज-नियंत्रित आरोग्यसेवा. दोन वर्षांत मेलबर्नच्या फिट्झरॉयमध्ये दुसरी उभी राहिली. आज अशा सेवांची संख्या १४० हून अधिक आहे.

८/
त्याच १९७१ साली, त्याच सिडनीत, सेंट पीटर्समधील कॅम्डेनव्हिल मैदानावर ॲबोरिजिनल संघांची रग्बी लीगची पहिली ‘नॉकआउट’ स्पर्धा भरली. मुख्य प्रवाहातील क्लबांची दारे ज्या गुणी खेळाडूंना बंद होती, त्यांच्यासाठी हे स्वतःचे मैदान होते. नियम असा पडला की जो संघ जिंकेल त्याने पुढील वर्षी यजमानपद घ्यायचे. त्यामुळे विखुरलेली कुटुंबे दरवर्षी एकत्र येऊ लागली. मुले हिरावली गेलेल्या समाजात ‘अमक्याचा नातू, तमकीचा भाचा’ अशी ओळख पुन्हा पटण्याची ही जागा ठरली.

दवाखाना आणि क्रीडास्पर्धा एकाच वर्षी, एकाच शहरात, एकाच आकांक्षेतून जन्मली: आमचे आम्ही चालवू. पुढचे सर्व उपक्रम या दोन धाग्यांची वीण आहेत.

९/
याच काळात टोरेस सामुद्रधुनीतील थर्सडे बेटावरचा डॅनी मोर्सो १९८० आणि १९८४ अशा दोन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल खेळला. त्याच्याच नात्यातील एका कुटुंबाने राजधानी कॅनबेरात एक छोटा क्लब काढला. नाव ‘शॅडोज’, म्हणजे सावल्या.

या कुटुंबातील वडील टोरेस सामुद्रधुनीचे. आई दक्षिण ऑस्ट्रेलियातील कोकाथा समाजाची. १९४९ साली, अगदी लहान असताना, तिला भावंडांसह आपल्या माणसांपासून तोडण्यात आले होते. जिचे स्वतःचे बालपण सरकारी कागदांनी वाहून नेले, तिने नवऱ्यासोबत इतरांच्या मुलांसाठी एक जागा उभी केली, जेथे मूलनिवासी मुले आपल्या नावाने, आपल्या माणसांत खेळतील. त्यांच्या एकुलत्या एका मुलाने वयाच्या चौथ्या वर्षी याच क्लबात चेंडू हाती घेतला. त्याचे नाव पॅटी मिल्स. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

१०/
आता आरोग्याच्या बाजूने पाहू, कारण ‘खेळा आणि तंदुरुस्त राहा’ एवढ्याने हा विषय संपत नाही. मूलनिवासी मुलांच्या आजारांची यादी श्रीमंत देशाला शोभणारी नाही: वाहते कान आणि त्यामुळे येणारा बहिरेपणा, खुपऱ्या, त्वचेवरील पूचे फोड, आणि या सर्वांत घातक असा संधिवाती ज्वर.

हा ज्वर कसा येतो ते समजून घेण्यासारखे आहे. घसा किंवा त्वचा यांत स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो. शरीर त्यांच्याशी लढते. पण काही मुलांत ही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयावर उलटते आणि झडपा कायमच्या निकामी होऊ लागतात. गोऱ्या ऑस्ट्रेलियातून हा रोग जवळपास नाहीसा झाला आहे. दूरवरच्या ॲबोरिजिनल वस्त्यांत मात्र त्याचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. कारणे गूढ नाहीत: एका घरात फार माणसे, नादुरुस्त नळ, धुण्याची अपुरी सोय, लांबचा दवाखाना.

११/
उपाय आहे, पण तो सोपा नाही. एकदा हा ज्वर येऊन गेला की दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दुखरे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि तेही कित्येक वर्षे. बारा वर्षांच्या मुलाने, ज्याला आज काहीच होत नाही, दर महिन्याला सुई टोचून घ्यायला दवाखान्यात का जावे?

येथे मैदानाचे महत्त्व कळते. मूल दर आठवड्याला खेळायला येते. कोण आले, कोण आले नाही हे प्रशिक्षकाला ठाऊक असते. धाप लागणारे, सांधे धरून बसणारे, हाक मारली तरी न ऐकणारे मूल त्याच्या नजरेत आधी येते. सुईची तारीख ज्या परिचारिकेच्या वहीत आहे ती मैदानाच्या कडेला ओळखीच्या चेहऱ्याने उभी असेल, तर ती तारीख चुकण्याची शक्यता कमी होते. चेंडूने झडप बरी होत नाही. झडप वाचवणाऱ्या माणसापर्यंत मूल पोहोचते.

१२/
हृदयतपासणीचे मोल दाखवणारा एक प्रसंग सर्वोच्च पातळीवरही घडला. केप यॉर्कच्या टोकावरील बमागा या वस्तीत वाढलेला नेथन जावाई २००८ साली अमेरिकेच्या एनबीएमध्ये निवडला गेला, आणि टोरोंटो संघाच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयात काही वेगळेपण आढळले. अनेक आठवडे त्याला खेळापासून दूर ठेवण्यात आले. तपासण्या पूर्ण झाल्यावर जानेवारी २००९ मध्ये तो मैदानात उतरला आणि एनबीएमध्ये खेळणारा पहिला मूलनिवासी ऑस्ट्रेलियन ठरला. कोट्यवधींच्या उलाढालीच्या संघात तपासणी आपोआप होते. वस्तीतल्या मैदानावर ती कुणीतरी मुद्दाम घडवून आणावी लागते.

त्याच २००८ साली ब्रूमची रोहानी कॉक्स बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक विजेत्या महिला संघात होती. बास्केटबॉलमध्ये ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली मूलनिवासी ऑस्ट्रेलियन.

१३/
क्रीडासुविधेने आजार खरोखर घटतात का? याचा एक स्वच्छ दाखला जलतरणाचा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जिगालाँग आणि मुगारिन्या या दोन दूरस्थ वस्त्यांत २००० साली तरणतलाव बांधले गेले. संशोधकांनी मुलांची आधी आणि नंतर तपासणी केली. त्वचेवरील फोडांचे प्रमाण दीड वर्षात साठ-सत्तर टक्क्यांवरून वीस टक्क्यांच्या आसपास उतरले. अशा वस्त्यांत ‘शाळा नाही तर तलाव नाही’ हा नियम गाजला.

तलावाचे पाणी त्वचा धुऊन काढते. बास्केटबॉल तसे काही करीत नाही. म्हणूनच बास्केटबॉलच्या उपक्रमात आरोग्याचा भाग जाणीवपूर्वक विणावा लागतो: मैदानाशेजारी हात धुण्याची जागा, सरबताऐवजी पाणी, सामन्यानंतर फळे, हंगामाच्या आरंभी कान, त्वचा आणि हृदय यांची तपासणी. तो भाग गळला की उरतो तो निव्वळ खेळ. आनंदाचा खरा, पण आरोग्याचा उपक्रम नव्हे.

१४/
आता वाळवंटाच्या मध्यभागी जाऊ. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे तीनशे किलोमीटरवर युएंडुमू ही वार्लपिरी लोकांची वस्ती आहे. १९४६ साली सरकारी शिधाकेंद्र म्हणून ती वसली. येथील क्रीडामहोत्सव १९६०च्या दशकापासून प्रसिद्ध. भालाफेकीपासून बास्केटबॉलपर्यंत सारे त्यात असे.

परंतु १९९०च्या दशकाच्या आरंभी येथे पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाने किशोरवयीन मुलांना ग्रासले. पेट्रोलची वाफ मेंदूला कायमची इजा करते. पोलीस, तंबी, बाहेरून येणारे तज्ज्ञ, सर्व उपाय थकले. १९९४ साली वस्तीतल्या ज्येष्ठांनी निर्णय घेतला: व्यसनात अडकलेल्या मुलांना सुमारे दीडशे किलोमीटर दूर माउंट थिओ या पूर्वजांच्या भूमीवर न्यायचे. तेथून पायी परतणे शक्य नव्हते. पेगी नॅम्पिजिंपा ब्राउन आणि त्यांच्यासारखे ज्येष्ठ मुलांसोबत राहिले, त्यांना शिकारीला नेले, भूमीच्या कथा सांगितल्या, खाऊपिऊ घातले.

१५/
पण मूल बरे होऊन परतले तर वस्तीत त्याची वाट काय पाहत होते? कंटाळा, आणि तेच जुने मित्र. म्हणून माउंट थिओच्या जोडीला युएंडुमूत रोज संध्याकाळचा युवा कार्यक्रम उभा राहिला: बास्केटबॉल, सॉफ्टबॉल, नाचगाण्याच्या रात्री, सहली. दूरच्या भूमीवर उपचार आणि वस्तीत दिवेलागणीनंतरचा खेळ, अशी ही दोन अंगे होती. एकाला दुसऱ्यावाचून अर्थ नव्हता.

काही वर्षांत युएंडुमूतील पेट्रोल हुंगणे जवळपास थांबले. हे २००५ मध्ये वाफेची नशा न येणारे ‘ओपल’ इंधन बाजारात येण्यापूर्वीच घडले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी. पुढे ‘जारू पिर्जिर्डी’, म्हणजे ‘खंबीर आवाज’, या नावाने मोठ्या मुलांना कामकरी आणि पुढारी म्हणून तयार करणे सुरू झाले. कालचा खेळाडू आजचा पंच, आणि उद्याचा व्यवस्थापक. पेगी ब्राउन यांना देशाचे सन्मानपदक मिळाले.

१६/
याच्या उलट चित्र २००७चे. उत्तर प्रदेशातील (म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ‘नॉर्दर्न टेरिटरी’तील) मुलांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन केंद्र सरकारने जून २००७ मध्ये ‘आणीबाणीचा हस्तक्षेप’ जाहीर केला. लष्कराची मदत घेतली गेली. वंशभेदविरोधी कायदा या उपायांपुरता स्थगित करण्यात आला. लोकांच्या भत्त्याचा काही भाग सरकारने आपल्या ताब्यात घेतला. मुलांच्या आरोग्यतपासण्याही झाल्या. पण निर्णय राजधानीत झाले होते, आणि ज्या पिढीने ‘संरक्षण’ हा शब्द अनुभवला होता तिच्या मनात जुनी भीती जागी झाली.

मुलांची चिंता खोटी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रश्न इतकाच की माउंट थिओच्या ज्येष्ठांना जे साधले, ते गणवेशातल्या अनोळखी माणसांना साधणे अवघड होते. तपासणीचे यंत्र दोन्हीकडे सारखेच असते. ते हाती धरणारा माणूस कोण, यावर मूल समोर बसणार की पळणार हे ठरते.

१७/
समाज-नियंत्रित दवाखान्यांनी याच काळात एक साधी युक्ती रुजवली. ऑस्ट्रेलियात मूलनिवासींना मेडिकेअरमार्फत वर्षाला एक विनामूल्य आरोग्यतपासणी मिळते. पण ती करून घेणारे थोडे. आग्नेय क्वीन्सलँडमधील दवाखान्यांच्या ‘डेडली चॉइसेस’ या मोहिमेने तपासणी करून घेणाऱ्याला एक खास जर्सी द्यायला सुरुवात केली. (तेथील ॲबोरिजिनल बोलीत ‘डेडली’ म्हणजे झकास!) ती जर्सी दुकानात विकत मिळत नाही. गल्लीत ती दिसली की कळते, हा तपासून आला.

क्वीन्सलँडच्या ‘मरी कार्निव्हल’ या रग्बी स्पर्धेने त्याहून पुढचे पाऊल टाकले: आरोग्यतपासणी झाली नसेल तर खेळाडूची नोंदणीच नाही. प्रौढ खेळाडूचे नाव मतदारयादीत असावे अशीही अट घातली गेली. येथे अट घालणारे सरकार नव्हते; आपलीच माणसे होती. म्हणून ती अपमान न वाटता प्रतिष्ठा वाटली.

१८/
आता पॅटी मिल्सकडे परत. जून २०१४. सॅन अँटोनिओ स्पर्स एनबीएच्या अंतिम मालिकेच्या तयारीत असताना प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी संघाला विचारले, आज काय दिवस आहे? तो होता ३ जून, माबो दिन. १९९२ साली याच दिवशी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ही भूमी कुणाचीच नव्हती’ हा वसाहतवादी सिद्धांत रद्दबातल केला. दावा लढवणारे एडी माबो निकालाच्या काही महिने आधीच वारले होते. ते मिल्सच्या नात्यातले. त्या वर्षीचे विजेतेपद स्पर्सने जिंकले आणि अखेरच्या सामन्यात मिल्सने १७ गुण केले.

टोकियोत २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकच्या उद्घाटनात ऑस्ट्रेलियाचा ध्वज वाहणारा तो पहिला मूलनिवासी. स्लोव्हेनियाविरुद्ध कांस्यपदकाच्या लढतीत त्याने ४२ गुण केले आणि पुरुष संघाला पहिले ऑलिंपिक पदक मिळाले. मायकेल ॲ मॅट ज्या शहरात खेळला होता, तेच हे शहर, सत्तावन्न वर्षांनी.

१९/
पदकापेक्षा आपल्या विषयाला जवळची गोष्ट दुसरी आहे. २०२० साली करोनाकाळात ऑर्लँडोत खेळण्याचे आपले सारे वेतन, दहा लाख डॉलरहून अधिक, मिल्सने ऑस्ट्रेलियातील वंशभेदविरोधी कार्याला दिले. त्याच सुमारास त्याने ‘इंडिजिनस बास्केटबॉल ऑस्ट्रेलिया’ ही संस्था उभी केली. चौदा वर्षांखालील मुलामुलींसाठी ती निरनिराळ्या प्रांतांत सामुदायिक लीग भरवते; खेळाबरोबर संस्कृती, शिक्षण आणि आरोग्य यांचे धडे त्यात गुंफलेले असतात. आईवडिलांच्या ‘शॅडोज’ची ही देशभर पसरलेली सावली.

२०/
असा उपक्रम चालतो कशावर? इतिहासाने दिलेली उत्तरे अगदी व्यावहारिक आहेत. मुलांना घरून आणून रात्री परत सोडणारी गाडी आणि तिच्या इंधनाचा खर्च. वर्षानुवर्षे तोच राहणारा प्रशिक्षक, कारण दर सहा महिन्यांनी माणूस बदलला की विश्वास पुन्हा शून्यावर येतो. मुलींसाठी वेगळी वेळ. अंत्यविधी आणि सुतकाच्या दिवसांत सामने थांबवण्याची तयारी. वस्तीतल्याच दवाखान्याची परिचारिका. आणि एका आर्थिक वर्षापुरता नव्हे, तर मूल वाढेपर्यंत पुरेल असा निधी. अनेक चांगले उपक्रम बंद पडले ते खेळ वाईट होता म्हणून नव्हे. अनुदानाची मुदत संपली, कामकरी निघून गेला, आणि कड्यांवरची जाळी फाटली ती फाटलीच.

२१/
आणि मर्यादाही सांगायला हव्यात. २०२०–२२च्या अधिकृत अंदाजानुसार मूलनिवासी पुरुषांचे आयुर्मान इतरांहून ८.८ वर्षांनी आणि स्त्रियांचे ८.१ वर्षांनी कमी आहे. एका घरात पंधरा माणसे असतील आणि नळ कोरडा असेल, तर कितीही उत्तम लीग संधिवाती ज्वर रोखू शकत नाही. खेळाच्या मैदानाचे उद्घाटन घरबांधणीपेक्षा स्वस्त आणि छायाचित्रासाठी सोयीचे असते, हे राजकारणी जाणतात. म्हणून बास्केटबॉलला घर, पाणी आणि दवाखाना यांचा पर्याय समजण्याचा मोह टाळला पाहिजे.

२००८च्या ‘दरी बुजवा’ धोरणाचा २०२० मध्ये नवा करार झाला, त्यात मूलनिवासी संघटना प्रथमच सरकारच्या बरोबरीने स्वाक्षरी करणाऱ्या होत्या, आणि समाज-नियंत्रित सेवा बळकट करणे हे त्याच्या मुख्य कलमांपैकी एक ठरले. रेडफर्नच्या गाळ्यातील कल्पना अर्ध्या शतकानंतर राष्ट्रीय करारात आली. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मूलनिवासींचा सल्ला घेणारे मंडळ राज्यघटनेत आणण्याचा प्रस्ताव सार्वमतात साठ टक्क्यांच्या आसपास मतांनी फेटाळला गेला. इतिहास सरळ रेषेत जात नाही, तो असा.

२२/
१८६८च्या त्या तेरा खेळाडूंच्या कौशल्यात काहीच उणे नव्हते. त्यांच्यापाशी नव्हता तो निर्णयाचा अधिकार: कुठे खेळायचे, आजारी पडल्यावर कुणी पाहायचे, परतल्यावर कुठे राहायचे. युएंडुमूत आज संध्याकाळी दिवे लागतील तेव्हा मैदानाची किल्ली एखाद्या वार्लपिरी तरुणाच्या खिशात असेल. एवढ्या बदलाला दीडशे वर्षे लागली, आणि तो अजून अर्धाच झाला आहे.

वाचकहो, आपल्या भागात खेळ आणि आरोग्य एकत्र चालवणारे मंडळ, तालीम किंवा क्लब असेल, तर त्याचा इतिहास खाली जरूर लिहा: तो कुणी सुरू केला, आणि आज त्याची किल्ली कुणाकडे आहे?